लुगड्याला हात पुसा

"पहिले हात पुसा, मंग नाव सांगा, मंग हात लावा."

मळ्याच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा हे तीन हुकूम एका दमात ऐकवायचे. समोर डोंगरातून बाजाराला आलेली पावरा बाई असो की घोड्यावरून उतरलेला अंमलदार, त्यात एका अक्षराचा फरक होत नसे. बोलता बोलता ते पाहुण्याचे मनगट धरून ठेवत. हुकूम पाळल्याशिवाय मनगट सुटत नसे. हात पुसायला फाटकाच्या आत खुंटीवर एक जुने लुगडे टांगलेले असे. नाव सांगायचे ते अप्पांना नव्हे, जनावराला. हरणापुढे उभे राहून, मोठ्याने, गावासकट.

मी तेव्हा शहाद्याला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षे. मूळचा मी नाशिककडचा. इकडची अहिराणी कानात बसायला वेळ लागला, आणि जनावरांची भीती तर नोकरी लागली तरी गेली नव्हती. बैलाला औषध पाजताना मी नेहमी शेपटीकडची कामे मागून घेत असे. असा शूर मनुष्य अप्पांच्या मळ्यात काय करत होता, असे तुम्ही विचाराल. पहिल्यांदा गेलो तो साहेबांनी धाडले म्हणून. अप्पांच्या अस्वलाच्या पायात काटा मोडला होता.

"डागदर, तुम्हना हात काबरं कापी ऱ्हायना?" अप्पांनी विचारले. मी डॉक्टर नाही हे त्यांना शंभरदा सांगूनही त्यांनी मला डागदरच ठेवले.

"थंडी वाजते," मी म्हणालो.

"चैतमा?"

माझा हात धरून त्यांनी लुगड्याला पुसला, मला अस्वलापुढे बसवले, नाव सांगायला लावले आणि ते ओले नाक माझ्या तळव्यात ठेवले. अस्वलाने हुंगले, फुसकारा टाकला आणि पाय माझ्या मांडीवर दिला. काटा मी कसा काढला ते आठवत नाही. घरी जाताना मात्र मी रस्त्यात भेटेल त्याला अस्वलाची गोष्ट सांगत होतो.

मळा गोमाईच्या काठाला होता. पलीकडे सातपुड्याची रांग. अप्पा जातीचे गुजर. घरात गुजरी बोलायचे, बाहेर अहिराणी. कापूस आणि केळी पिकवणारा चांगला खाऊनपिऊन सुखी माणूस. घरात तिघेच: अप्पा, त्यांची बायको आणि नवरा वारल्यावर माहेरी परत आलेली मुलगी. बायकोला सगळे जिजी म्हणत. एकदा वणव्यात सापडलेले चितळाचे पाडस एका पावरा माणसाने डोंगरातून उतरवून आणले, ते जिजीने शेळीच्या दुधावर जगवले. तिथून हे वेड लागले. डोंगरातल्या माणसांना मग ठाऊकच झाले की आई मेलेले पाडस सापडले तर गोमाईकाठी नेऊन द्यायचे. चितळे झाली, सांबर झाले, चौशिंगा झाला, साळिंदरे झाली, अस्वल झाले, एक तरसही झाले. कापसाच्या शेताचा निम्मा भाग काट्यांचे कुंपण घालून त्यांना दिला. भाऊबंद म्हणत, अप्पाला चळ लागला आहे. अप्पा म्हणत, लागना ते लागना.

तळोद्यापासून लोक गाड्या जोडून बघायला येत. तिकीट नव्हते. येताना मूठभर दाणे किंवा चाऱ्याची पेंढी आणायची, एवढेच. मुलगी फाटकावर बसून ते जमा करी, जिजी खाऊ घाली, अप्पा हात धरून फिरवीत. आपल्याकडे जनावर बघायचे म्हणजे झाडामागे दडून, नाही तर मेल्यावर. इथे बायका पोरांना चितळाच्या पाठीवर हात फिरवायला देत होत्या आणि म्हाताऱ्या अस्वलाला मधाचे बोट चाटवत होत्या.

मामलेदारांची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिलेली. त्यांना अप्पांनी हौसेने तरसापुढे नेले, कारण तरसाला कुणी हात लावत नाही याचे अप्पांना फार वाईट वाटे.

"मी या तालुक्याचा मामलेदार," साहेब तरसाला म्हणाले.

"नाव सांगा, साहेब. हुद्दा नको. त्याले हुद्दा समजत नही."

मामलेदारांनी नाव सांगितले, वडिलांचे सांगितले, आडनाव सांगितले. तरसाने त्यांच्या बुटाचा वास घेतला आणि जांभई दिली. त्यानंतर त्यांची शहाद्यातून बदली होईपर्यंत त्यांनी कुणाला हुद्दा सांगितलेला मी ऐकला नाही, पण ही माझी अतिशयोक्ती असेल.

एवढी जंगली जनावरे परक्या हाताला भीत कशी नाहीत, हे कोडे मला बरेच दिवस सुटले नव्हते. नाव सांगण्याने ते होते असे अप्पांना वाटे. शेवटी जिजीनेच सांगितले. खुंटीवरचे ते लुगडे तिचे अंगावरचे, न धुतलेले असायचे. आलेले पाडस पहिले काही आठवडे तिच्या लुगड्याच्या घडीवर झोपे, तिच्या हातून दूध पिई. म्हणून फाटकात शिरणाऱ्याचे हात त्याच लुगड्याला पुसून घ्यायचे. वास उडाला की जिजी अंगावरचे दुसरे टांगत असे. जनावराच्या लेखी गावचा पाटील, शाळामास्तर, मी, सगळे म्हणजे जिजीच.

"आख्खा तालुका मन्हा लुगडाले हात पुसस," ती पदराआड हसत म्हणाली. "लाज वाटस मले."

अप्पांना लाज वगैरे नव्हती. ते कुंपणाला टेकून उभे राहात, पोरे चितळांच्या गळ्यात पडलेली बघत आणि म्हणत, "देखा डागदर, आठे कोनले कोनाना भेव नही." त्या वेळी त्यांच्या तोंडावर जे समाधान असे ते मी नंतर देवळातल्या पुजाऱ्याच्या तोंडावरही पाहिलेले नाही.

सगळ्यांत लाडकी गोमी. सांबराची मादी. गोमाईच्या पाण्यात कुत्र्यांनी घेरलेली सापडली तेव्हा दोन वितींची होती, आणि एक कान फाटलेला होता. हिला जिजीने घरात वाढवले. मोठी झाली, घोड्याएवढी झाली, तरी दुपारी ओसरीवर येऊन जिजीच्या पायाशी बसे. जिजी भाकरी थापायला बसली की गोमीचे तोंड काटवटीत. "मन्ही धाकली आंडेर," जिजी सांगे, आणि खरी मुलगी फाटकावरून ओरडे, "धाकलीले माहेरना लाड जास्त शेतस!"

मग लढाई आली. ती आमच्याकडे तोफा घेऊन आली नाही, टंचाई घेऊन आली. ज्वारी मिळेना, पेंड मिळेना, सरकी मिळेना. लोक अजून मळ्यात येत, पण रिकाम्या हातांनी. मुलगी फाटकावर बसे आणि रिकामी टोपली घेऊन आत जाई. कुणाला परत पाठवायचे नाही, अशी अप्पांची ताकीद होती. त्याच पावसाळ्यात जिजी तापाने गेली. आजारी पडली काय आणि गेली काय, काही कळलेच नाही.

तेराव्याला मी गेलो होतो. गोमी ओसरीवर होती. चुलीपाशी जाऊन हुंगत होती, परत येत होती, परत जात होती. आलेली बायामाणसे तोंडाला पदर लावून रडत होती ती जिजीसाठी की त्या जनावरासाठी, कोण जाणे. गोमीकडे बघवेना म्हणून मी बाहेर आलो. फाटकावरची खुंटी मोकळी होती. जिजीचे अंगावरचे शेवटचे लुगडे अप्पांनी खुंटीला लावले नाही. ते न धुता पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे आणि रोज एकदा पेटी उघडून अप्पा नुसते बसतात, असे मला मुलीने सांगितले.

दिवाळी झाल्यावर अप्पांनी ठरवले की जनावरे डोंगराला परत द्यायची. खायला घालता येत नाही तर कोंडून ठेवायचा हक्क नाही. अस्वल आणि चौशिंगा तोवर म्हातारपणाने मेले होते. तरस एक दिवस निघून गेले, साळिंदरांनी कुंपणाखालून आपली वाट केली. उरली चितळे आणि गोमी. गोमीला अप्पांनी ठेवून घेतले. चितळांना गाड्यांत घालून आम्ही तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्याशी नेले. फळ्या काढल्या तर ती उतरेनात. उतरवली तर गाडीमागे चालू लागली. शेवटी गाडीवानांनी बैल दौडवले.

अप्पा वाटभर खुशीत होते. "डोंगरमा बी त्यासले कोनी काय करनार नही. माणूसनी वळख शे त्यासले," ते म्हणाले. मला हे ऐकून बरे वाटले. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगे दिसले नाही.

खेमा पावरा अप्पांचा जुना स्नेही. पहिली दोन-तीन पाडसे त्यानेच आणून दिलेली. पुढच्याच महिन्यात तो डोंगर उतरून आला तेव्हा मी मळ्यात बसलो होतो. त्याच्या हातात सागाच्या पानात बांधलेले काहीतरी होते. त्याने ते अप्पांपुढे धरले.

"तुन्हा वाटा," तो म्हणाला.

त्यांच्या पाड्यात शिकार झाली की घरटी वाटा जातो. म्हातारी असो, आजारी असो, भांडलेला असो, वाटा चुकवायचा नाही. आणि जनावर ज्याने वाढवले त्याचा वाटा तर आधी काढायला हवा, हे खेमाला कुणी सांगायला नको होते. त्यासाठी तो एवढा घाट उतरून आला होता.

अप्पांना कळायला वेळ लागला. मग ते म्हणाले, "कोनती?"

"कपायवर पांढरा डाग व्हता ती." खेमा सरळपणे सांगत होता. "आपोआप उनी, अप्पा. बाया चुल्हापासी बठेल व्हत्यात, तठे यीसन बठनी. हातमा तोंड घाली दिधं. पाड्यामा चार दिनपासून कंदशिवाय काही नव्हतं. आम्ही म्हनं, अप्पाले समजनं, अप्पानी धाडी."

"बाकीना?"

खेमाने मान खाली घातली. बाकीची दुसऱ्या पाड्यांवर अशीच गेली होती.

जन्मात मांसाला न शिवलेल्या त्या माणसाने ते पान दोन्ही हातांनी घेतले. खेमाला ओसरीवर बसवले, मुलीला सांगून भाकरी वाढायला लावली, आणि तो जेवून घाटाकडे जाईपर्यंत त्याच्याशी पाऊसपाण्याच्या गोष्टी केल्या. तो दिसेनासा झाल्यावर कुंपणाशी खड्डा करून पान त्यात ठेवले आणि माती लोटली.

मला राग आला होता. मी खेमाच्या नावाने काहीबाही बोलू लागलो. अप्पांनी मला थांबवले.

"त्याले कसाले शिव्या देतंस? तो ते मन्हा वाटा लई उना. चूक आपली शे, डागदर. भेव नही, भेव नही करत आपनच त्यासनं भेव काढी लिधं. देवनी दिधेल व्हतं ते."

त्या दिवसापासून ते खोकू लागले असे म्हणणे खोटे होईल. खोकला आधीपासून होता. पण आता तो दिसू लागला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि मुलीला बाजूला घेऊन जे सांगायचे ते सांगितले. अप्पांना न सांगताच कळले होते. त्यांच्यामागे मळा भाऊबंदांकडे जायचा होता आणि मुलगी तिच्या मामाकडे सुरतेच्या बाजूला. प्रश्न गोमीचा होता. भाऊबंद तिला चार दिवस ठेवणार नाहीत, आणि डोंगरात सोडावी तर ती पहिल्या चुलीपाशी जाऊन बसणार. अप्पांना आता दुसरे काही सुचेना. आपण जायच्या आत गोमीला भ्यायला शिकवायचे.

तुम्ही कधी असला मळा पाहिला आहे का, जिथे मालक फाटकावर हात जोडून पाहुण्यांना सांगतो की आमच्या जनावराला ढेकळे मारा? मी पाहिला आहे. "नाव नका सांगू. हात नका लावू. ढेकूय उचला आनि मारा. जोरमा," अप्पा म्हणत. लोक बावरून जात. तळोद्याची एक बाई चिडून म्हणाली, "अप्पा, मन्ही पोर हिना आंगवर खेळेल शे, मी हिले मारू?" आणि तशीच परत गेली. शाळामास्तरांनी मारले, पण वहीवर खडू टाकावा इतक्या बेताने. मीही मारले. गोमीला वाटले खड्याच्या मिठाचा तुकडा दिला. तिने ते ढेकूळ चाटून पाहिले आणि आणखी मागायला माझ्याजवळ आली.

ढोल वाजवून झाले, पत्रे बडवून झाले. गोमी दचके, चार पावले पळे आणि अप्पांच्या पाठीशी येऊन उभी राही. ज्यापासून पळायचे त्याच्याच आडोशाला. मुलगी एकदा हसली आणि हसता हसता रडायला लागली.

होळी जवळ आली. डोंगरात होळीच्या आधी चोहीकडून माणसे गोळा होतात, त्याच्या आत गोमीला खोल रानात पोचवायला हवे होते. त्या सकाळी मी अप्पांचे औषध घेऊन गेलो तेव्हा अप्पा अंगणात उभे होते. अंगाभोवती त्यांनी जिजीचे लुगडे गुंडाळले होते. पेटीतले. हातात बैलांचा चाबूक होता. मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती मला म्हणाली, "दादा, तुम्ही तरी त्यासले सांगा."

गोमी कुंपणाच्या कडेला होती. वारा तिच्याकडे गेला. तिने मान उचलली. पावसाळ्यापासून जो वास ती चुलीपाशी, ओसरीवर, सगळीकडे हुंगत फिरत होती तो आला होता. ती धावत आली. इतके मोठे जनावर असे नाचत येताना मी कधी पाहिले नव्हते. येऊन तिने तोंड लुगड्यात खुपसले.

अप्पांनी चाबूक मारला.

ती हलली नाही. तिला कळलेच नाही. त्यांनी परत मारला, नाकावर, फाटक्या कानावर, पाठीवर. "जाय! जाय आते!" ते ओरडत होते. तिने एकदा वर बघितले, आणि तेव्हा तिला कळले. तिच्या अंगातून असा थरकाप गेला की मला माझ्या जागेवरून दिसला. ती मागे सरली, वळली आणि कुंपणावर जाऊन आदळली. अप्पा खोकत, धडपडत तिच्यामागे गेले. त्यांनी पुढे केलेल्या हातातल्या पदरापासून ती जीव घेऊन पळत होती. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

अप्पा तिथेच खाली बसले. "जायं," ते म्हणाले. म्हणजे काम झाले. मग त्यांनी लुगडे तोंडावर घेतले. मी तिथे उभा राहू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी गोमीला गाडीत घालायला आठ माणसे लागली. कुणाला अंगाला हात लावू देईना. घाटाच्या बऱ्याच वर नेऊन सोडली, तर गाडीकडे वळूनही न बघता झाडीत गेली. परत येईपर्यंत अप्पा फाटकावर बसून होते. "पळनी?" त्यांनी विचारले. "पळनी," मी म्हणालो.

पण एका पळण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. भूक लागल्यावर काय, थंडीत शेकोटी दिसल्यावर काय? बाजाराच्या दिवशी ते रस्त्याकडेला येऊन बसत आणि डोंगरातून उतरणाऱ्या प्रत्येकाला विचारत, फाटक्या कानाची सांबरीण कुणी पाहिली का. कुणी पाहिली नव्हती. पाहिली नाही म्हणजे खाल्ली नाही असे मी समजावे, आणि पाहिली नाही म्हणजे उरली नाही असे त्यांनी समजावे. मग पाऊस लागला, नाले भरले आणि वरून कुणी येईनासे झाले. श्रावणात अप्पा गेले. शेवटच्या दिवशीही त्यांनी मला विचारले होते, "डागदर, वरथीन कोनी उनं का?" नदीला पूर होता. मी नाही म्हणालो.

दसरा झाल्यावर खेमा थेट दवाखान्यात आला. मळ्याला कुलूप दिसले म्हणे, म्हणून तो इकडे आला. चेहरा तापलेला. दारातूनच त्याने सुरुवात केली.

"अप्पा कोठे शे? त्याले सांगनं शे मले. त्यानी ती फाटका काननी सांबर, तिनी आम्हनं वाटोळं करं! कळपमा ऱ्हास ती. आम्ही दूर व्हतंस तवयच तिले वास येस. पाय आपटस, वरडस, आनि आख्खा कळप पळी जास. एक तीर लागू देत नही. आख्ख्या पाड्यामा वाटा नही! अशी कशी शिकाडी त्यानी?"

मी त्याला खाली बसवले आणि अप्पांचे सांगितले.

तीरकमठा त्याने मांडीवरून काढून भिंतीला लावला.

"मंग हाई मी आते कोनले सांगू?" तो म्हणाला.

"मला सांग," मी म्हणालो.

त्याने सांगितले. ती कुठल्या दरीत असते, किती मोठी झाली आहे, कशी ओरडते, पहिल्यापासून सगळे. आता त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दारापुढे लोक बैल घेऊन खोळंबले होते. त्यांना मी थांबायला सांगितले आणि ऐकत बसलो.